‘मी जातो’ म्हणणारी मुलगी : फोंडा तालुक्यातलं एक प्रकरण

तक्रार माझ्यापर्यंत आली ती एका वहीतून. पहिलीतल्या मुलीची दुरेघी वही, आणि आत एका पानावर तीन वाक्यं. ‘मी शाळेत जातो.’ ‘माझी मैत्रीण आलं.’ ‘मीनं भात खाल्ला.’ तिन्ही वाक्यांत लाल शाईचे गोल. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “अक्षर बघा किती सुरेख आहे. पण ही मुलासारखं बोलते आणि मुलींना ‘ते’ म्हणते. जून गेला, जुलै गेला, सांगून सांगून थकले मी.”

प्राथमिक शिक्षकांबरोबर बसून मुलांच्या बोलण्याच्या नोंदी करणं हे माझं काम. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण या मुलीच्या घरी जे घडलं ते गोव्यात अनेक घरांत घडतं आणि त्याचा त्रास मुलांपेक्षा आयांना जास्त होतो.

मुलीचं नाव देत नाही. वाड्यावरची, म्हणजे तिच्या वस्तीवरची, आजी तिला ‘बाय’ म्हणून हाक मारते, गोव्यात धाकट्या मुलींना मारतात तशी. मीही तिला बायच म्हणेन. वय सहा वर्षं. आईवडील दोघंही गडहिंग्लज भागातले. वडील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, लग्नानंतर आई इकडे आली, बायचा जन्म गोव्यातला. फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर भाड्याच्या दोन खोल्या, समोर घरमालकीण आजीचं घर, मधे दोन्ही घरांचं मिळून एकच आंगण. बायचा दिवस त्या आंगणात उजाडतो आणि तिथेच मावळतो. शाळा मराठी माध्यमाची, घरी टीव्हीवर हिंदी कार्टून, शाळेत इंग्रजी बडबडगीतं.

मी पोचण्याआधी आणखी एक गोष्ट होऊन गेली होती. घरच्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणी सल्ला घेतला होता. तिथे पंधरा मिनिटांत निकाल मिळाला: भाषा फार झाल्या, मुलगी गोंधळली आहे, घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, नाहीतर हिंदी. आईने तो सल्ला मनापासून पाळला. तिला इंग्रजी येत नाही. हिंदी येते ती बाजारापुरती. दीड महिना ती पोरीशी “खाना खाओ, हात धोओ, सो जाओ” एवढ्यावर बोलत होती. रात्रीची गोष्ट बंद झाली, कारण गोष्ट हिंदीत सांगता येत नव्हती. बाय घरात गप्प राहू लागली आणि तिचं गप्प राहणं हे गोंधळल्याचं आणखी एक लक्षण धरलं गेलं.

पहिल्या भेटीत आई दाराशी उभी राहून मला म्हणाली, “मॅडम, मीच चुकीचं बोलतो व्हय? आमच्याकडं समद्या बायका असंच बोलत्यात. माझी आई, आजी, समद्या. मग मी पोरीसंगं बोलू तरी कशात?”

त्या एका वाक्यात बायच्या ‘मी जातो’चं उत्तर होतं. आई बाई असून ‘मी बोलतो’ म्हणाली होती. ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

घरातला ‘मी’

प्रमाण मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, बाई ‘मी जाते’ म्हणते. कोल्हापूर, गडहिंग्लज या पट्ट्यात बऱ्याच घरांतल्या बायका सर्रास ‘मी जातो, मी आलो, मी गेल्तो’ म्हणतात. पुण्याकडच्या माणसाला हे ऐकून हसू येतं, पण त्या बोलीचा तो साधा नियम आहे. पलीकडे कन्नड आहे, तिथे ‘नानु होगुत्तेने’ हे बाईही म्हणते आणि पुरुषही. सीमेवरच्या बोलीत प्रथम पुरुषाचं, म्हणजे ‘मी’चं, लिंग पुसट झालं असेल तर नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना चिकटून नांदल्या, शब्द आपापले राहिले आणि व्याकरण मात्र एकमेकांच्या जवळ सरकत गेलं. लिंगव्यवस्थाही त्यातून सुटली नाही. मोठी, शहाणी, संसारी माणसं हे करतात तेव्हा आपण त्याला बोली म्हणतो. सहा वर्षांच्या मुलीने केलं की लाल गोल काढतो.

आता बायच्या कानाने घर ऐकून पाहा. घरात ‘मी’ म्हणणारी माणसं दोन. बाबा म्हणतात ‘मी जातो’, आई म्हणते ‘मी जातो’. त्यावरून कोणतंही मूल एकच नियम काढेल: ‘मी’ आला की क्रियापद ‘-तो’, ‘-लो’ने संपतं. इथे लिंगाचा प्रश्नच येत नाही. आंगणातल्या कोकणीतही वर्तमानकाळात ‘हांव वतां’ (मी जातो किंवा जाते) हे मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. म्हणजे ज्या दोन भाषांत तिचं आयुष्य गेलं, त्या दोन्हींनी तिला सांगितलं की ‘मी जातो’ म्हणताना आपण कोण आहोत याची चौकशी करावी लागत नाही. ती मुलासारखं बोलत नव्हती. ती आईसारखं बोलत होती.

याचा पुरावा मला तिसऱ्या भेटीत अचानक मिळाला. वाड्यावरच्या मुली ‘शाळा-शाळा’ खेळत होत्या आणि बाय बाई झाली होती. ओढणी खांद्यावर, हातात नारळाच्या झावळीचा हीर. “गप्प बसा सगळे! मी काय सांगते? मी फळ्यावर लिहिते, तुम्ही वहीत लिहा.” सांगते, लिहिते. एकही चूक नाही. मग खेळता खेळता कार्टूनमधली परी झाली आणि “मैं अभी आती हूँ” म्हणत तुळशीवृंदावनाला वळसा घालून आली. तेवढ्यात आईने हाक मारली, तर उत्तर: “आलो, आलो!”

स्त्रीलिंगी रूप तिला ठाऊक होतं, वापरताही येत होतं. फक्त ते तिच्या मते बाईंचं बोलणं होतं, जसा खडू बाईंचा आणि टेबल बाईंचं. लाल गोलांनी तिला ही गोष्ट कधीच कळली नसती, कारण गोल फक्त ‘हे नको’ एवढंच सांगतो. हे रूप तुझंही आहे, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘ते’ आणि ‘ती’

दुसरं वाक्य, ‘माझी मैत्रीण आलं’, यावर मात्र मला बरेच दिवस बसावं लागलं, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

गोव्याच्या कोकणीत धाकट्या मुलीला नपुंसकलिंग लावतात. चेडूं म्हणजे मुलगी, आणि शब्द नपुंसक. पण गोष्ट त्या एका शब्दापुरती नाही. मुलीचं नाव घेतलं तरी क्रियापद नपुंसकच येतं. आजी आपल्या नातीबद्दल विचारते, “बाय खंय गेलें?” (बाय कुठे गेलं?) आणि उत्तर येतं, “तें न्हिदलां.” (ते झोपलंय.) मोठ्या बाईबद्दल मात्र “ती आयली”. बोलणाऱ्यापेक्षा धाकटी, बिनलग्नाची, त्या मुलीला ‘तें’. थोरली, संसारी झालेली, तिला ‘ती’. यात कमीपणा नाही, उलट माया आहे. मालवणीतही ‘ता चेडू’ असतंच. आणि आपण मराठी माणसं ‘लेकरू झोपलं’, ‘पोर दमलं बिचारं’, ‘गुणाचं आहे ग ते’ म्हणतो तेव्हा तीच माया त्याच लिंगातून व्यक्त करतो. जर्मन भाषेत मुलीला म्हणतात तो ‘मेडशेन’ हा शब्दही नपुंसकच.

माझ्या नोंदींत आठवडाभरातच एक गोष्ट दिसली. बायने आजीला कधीही ‘आलं’ म्हटलं नाही. आईला नाही, मासळी घेऊन येणाऱ्या बाईलाही नाही. ‘मासेवाली आली’, ‘आजी गेली’, ‘मावशी बसली’. ‘आलं, गेलं, बसलं’ हे फक्त मुलींसाठी. गोंधळलेलं मूल इतकं नेमाने गोंधळत नाही.

मग मी चित्रं काढायला बसले. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं, त्याला एक बनावट नाव द्यायचं आणि ‘असे दोन असले तर काय म्हणशील’ असं विचारायचं. शब्द कधीच ऐकलेला नसल्यामुळे मुलाला पाठांतर कामाला येत नाही, डोक्यातला नियमच काढून दाखवावा लागतो. मराठीत हा प्रयोग करायला फार मजा येते, कारण आपल्याकडे वचनाबरोबर लिंगही तपासता येतं. मी तीन प्राणी काढले: टोबा, लुपी आणि गुबं.

“हा टोबा. आता दोन झाले?”
“टोबे.”
“ही लुपी. दोन?”
“लुप्या.”
“हे गुबं?”
“गुबी.” आणि लगेच स्वतःहून, “गुबीला शिंगं का नाहीत?”

टोबा पळाला, लुपी पळाली, गुबं पळालं. तिन्ही लिंगं जागच्या जागी. आता मी दुसऱ्या कागदावर लुपीला दोन वेण्या घातल्या आणि फ्रॉक चढवला. “ही बघ लुपी. आता काय झालं?”

“लुपी पळालं.”

शब्द तोच, शेवटची ‘ई’ तीच. पण प्राण्याची मुलगी झाली तसं लिंग बदललं. तिसऱ्या कागदावर लुपीला अंबाडा आणि साडी दिली. “लुपी पळाली.” मला हात थांबवणं कठीण झालं. चौथ्या कागदावर मी सलवार-कमीज घातलेली, खांद्याला पिशवी लावलेली, कॉलेजच्या वयाची लुपी काढली. बायने चित्र जवळ ओढलं. पिशवीवर बोट फिरवलं, पायातल्या चपला पाहिल्या. बराच वेळ गप्प. मग मान वर करून मला विचारलं, “हिचं लग्न झालंय काय?”

व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मांडायला एक परिच्छेद लागतो. या मुलीने तो कुणी न शिकवता आंगणातून उचलला होता, मराठी शब्दांना लावला होता आणि नियमाची सीमा कुठे धूसर होते तेही तिला कळत होतं. तो एक प्रश्न मी शिक्षिकांना जसाच्या तसा सांगितला, तेव्हा त्या स्वतः फोंड्याकडच्याच असल्यामुळे आधी गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “अगोबाई, घरी मीही भाचीला ‘तें’च म्हणते की!”

‘मीनं’चं काय

तिसऱ्या वाक्यावर फार थांबत नाही. प्रमाण मराठीत ‘त्याने खाल्ला, तिने खाल्ला’ असं म्हणताना ‘ने’ लागतो, पण ‘मी खाल्ला’, ‘तू खाल्ला’ला काही लागत नाही. हा मराठीचा एक अडनिडा कोपरा आहे. शेजारच्या भाषांत तो नाही: कोकणीत ‘हांवें खालो’, हिंदीत ‘मैंने खाया’, आणि जुन्या मराठीत आपलंच ‘म्यां’ होतं, ते खेड्यापाड्यांत अजून ‘म्या केलं’ म्हणून ऐकू येतं. त्यात मुलांचा स्वभावच असा की एकदा नियम सापडला की तो सगळीकडे लावून पाहायचा. मराठी घरातली मुलं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, ‘मेला’ऐवजी ‘मरला’ म्हणतात, ते याच ओढीने. ‘त्याने’वरून ‘मीनं’ करायला कोकणी किंवा हिंदी लागतच नाही, त्यांनी फक्त मागून धक्का दिला. असं रूप दिसलं की मी तरी काळजी करत नाही. नियम पकडला गेल्याची ती खूण आहे. अपवाद मागाहून येतात.

खरी अडचण नाही ना, हे कसं पाहिलं

हा भाग मी आधी करायला हवा, आणि केलाही होता, कारण सगळ्याच तक्रारी अशा निर्मळ नसतात. काही मुलांना खरोखर मदत लागते आणि ‘दोन भाषा आहेत, येईल हळूहळू’ म्हणत वर्षं वाया जातात, तेही मी पाहिलं आहे. म्हणून कानाची तपासणी करून घ्यायला सांगितलं; ऐकू नीट येत होतं. आईला विचारलं, पहिला शब्द कधी, दोन शब्द जोडून बोलणं कधी. दोन वर्षांची होण्याआधीच बाय ‘आई पानी’, ‘बाबा टाटा’ म्हणत होती.

सर्वांत मोठी कसोटी वेगळीच असते. मुलाच्या भाषाशक्तीतच अडचण असेल तर ती त्याच्या सगळ्या भाषांत दिसते. एका भाषेत मूल घडाघडा गोष्ट सांगत असेल, चेष्टा करत असेल, खोटं रचत असेल, तर यंत्रणा शाबूत आहे. बायची कोकणी ऐकायला मी आजीच्या सोप्यावर बसले. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला, सायकलचा भोंपू वाजला. बाय उंबऱ्यावरून ओरडली, “आजी, पोदेर आयलो!” आणि त्याच श्वासात मागे वळून, “आई, पोदेर आला, पैशे दे!” मग पोदेराला, “चार उंडे (पाव) दी.” आयलो आणि आला यांच्यात क्षणाचंही अंतर नव्हतं, आणि एकही रूप चुकीच्या माणसाकडे गेलं नाही. दोन भाषांची सरमिसळ झालेल्या मुलीला हे जमत नाही.

आजीला मी विचारलं, हिच्या बोलण्याचं तुम्हाला काय वाटतं. ती म्हणाली, “तें बरें उलयता. तुमकां कसलो भंय?” (ते छान बोलतं. तुम्हाला कसली भीती?)

एक माणूस, एक भाषा?

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी मानत नाही. त्या सल्ल्यामागे एक जुनी कल्पना आहे. फ्रान्समध्ये जूल रोंजा या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाला फ्रेंच आणि जर्मन या दोन भाषांत वाढवलं, बाप फक्त फ्रेंच बोलणार आणि आई फक्त जर्मन, आणि त्यावर १९१३ साली पुस्तक लिहिलं. पुढे अमेरिकेत वर्नर लिओपोल्डने आपल्या मुलीच्या जर्मन-इंग्रजीच्या नोंदींचे चार खंड १९३९ ते १९४९ या काळात छापले. मोलाची कामं आहेत ती. पण तिथलं घर म्हणजे चार भिंतींतलं एक आई, एक बाप आणि एक मूल. वाड्यावरचं आंगण तसं नसतं. इथे एकच आजी भजनाला बसली की मराठी, भाजी निवडताना कोकणी आणि भाडेकरूशी तिसरंच काही बोलते. ‘एक माणूस, एक भाषा’ हा नियम इथे कुणालाच लागू पडत नाही, मोठ्यांनाही नाही, मग मुलांकडून तो कसा पाळून घ्यायचा? फ्रान्स्वा ग्रोजाँ या भाषाशास्त्रज्ञाने १९८९ साली बजावलं होतं की द्विभाषक माणूस म्हणजे एका देहात कोंबलेले दोन एकभाषक नव्हेत. त्याची भाषा ही एक सबंध वस्तू आहे आणि तिला तिच्याच मापाने मोजावं लागतं.

शिवाय गोवा हा काही काल बहुभाषक झालेला प्रदेश नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं पुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, आणि त्याच माणसाने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० साली त्यांच्या मृत्यूनंतर तिथेच छापलं गेलं. या दोन भाषा वेगळ्या आहेत आणि शेजारणी आहेत, हे चारशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाला कळलं होतं. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीचा सरकारी कामात वापर करण्याची तरतूदही ठेवली. २०११च्या जनगणनेत राज्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के. मराठी घरातलं मूल उंबरा ओलांडतं तेव्हा कोकणीतच पाऊल ठेवतं. एका नातेवाइकांनी मला सांगितलं, “कोकणीने हिची मराठी बिघडवली.” मला ते फार लागलं. आजीच्या त्या आंगणाने या मुलीला कुणी न मागता एक अख्खं व्याकरण दिलं होतं.

काय केलं

पहिलं काम आईचं. तिला सांगितलं, हिंदी बंद, पोरीशी तुमच्या गडहिंग्लजच्या बोलीतच बोला, रोज बोला, भरपूर बोला. मुलाला भाषा मिळते ती चालत्याबोलत्या, रागावणाऱ्या, हसणाऱ्या, लांबलचक बोलणाऱ्या माणसाकडून, आणि तसं आपल्याला आपल्याच बोलीत बोलता येतं. तिला हे पटायला दोन भेटी लागल्या. “पण शाळेत मार्क जातील,” ती म्हणत होती. तिसऱ्या भेटीला गेले तर खोलीत दिवा बारीक होता आणि ती पोरीला माहेरच्या गुऱ्हाळाची गोष्ट सांगत होती: काहिलीत रस कसा उकळतो, मळी कशी काढतात, आणि “मी तुझ्याएवढा हुतो तवा एकदा काकवीत हात घातला”. बाय मधेमधे दहा प्रश्न विचारत होती. दीड महिन्यानंतर ते घर पुन्हा बोलतं झालं होतं.

दुसरं काम शिक्षिकांचं. त्यांनी दिवाळीपर्यंत लाल गोल बंद ठेवायचं कबूल केलं. त्याऐवजी मुलीने ‘बाई, मैत्रीण आलं नाही’ म्हटलं की त्या सहज विचारायच्या, “अगं, का बरं आली नाही? परवा तर आली होती!” योग्य रूप तिच्या कानावर पडायचं आणि बोलणं पुढे जायचं, थांबायचं नाही. त्यांनीच एक खेळ काढला. तीन बाहुल्या: गडहिंग्लजची मावशी, वाड्यावरची आजी आणि शाळेतल्या बाई. एकच प्रसंग, पावसात छत्री उलटल्याचा, तिघींनी आपापल्या बोलण्यात सांगायचा. मावशी म्हणे ‘मी भिजलो’, बाई म्हणत ‘मी भिजले’, आजीची कोकणी तर वर्गातल्या सगळ्यांना येतच होती. खेळ बायसाठी सुरू केला, पण रांगेत सगळा वर्ग उभा राहिला.

या खेळात शिक्षिकांच्या लक्षात आलेली एक गोष्ट नोंदवायलाच हवी. वर्गातल्या कोकणी घरांतल्या मुलीही ‘मैत्रीण आलं’ म्हणत होत्या. जूनपासून म्हणत होत्या. पण त्यांच्या वह्यांत गोल कमी होते, कारण ‘तिच्या घरी कोकणी आहे, व्हायचंच’. बायचं घर मराठी, म्हणून तिची चूक ही चूक. तोच नियम, तेच वय, तोच बाक, आणि शिक्षा मात्र एकीलाच. शिक्षिकांनी हे स्वतः होऊन सांगितलं, आणि मला त्यांचा फार आदर वाटला.

दिवाळीनंतर बाय शाळेत ‘मी जाते’ म्हणू लागली. शाळेच्या फाटकाशी आई न्यायला आली की तिथल्या तिथे ‘मी आज चित्र काढलं, मी दमलो’. फाटकाच्या आत ‘दमले’, बाहेर ‘दमलो’. ‘बाई आली’चं ‘बाई आल्या’ तर पंधरा दिवसांत झालं, कारण तो आदर सबंध वर्ग दिवसभर उच्चारत असतो. ‘मैत्रीण आलं’ मात्र चिवट निघालं. लिहिताना जानेवारीपर्यंत सुटलं, बोलताना मार्चपर्यंत अधूनमधून येत राहिलं. मैत्रिणी सगळ्या वाड्यावरच्याच, आणि त्यांच्याविषयी बोलताना वाड्याचं व्याकरण तोंडात येणारच. मी ते सोडवायचा आग्रह धरला नाही. ‘मीनं’ही अजून आहे, विशेषतः भांडणात: “मीनं नाही पाडलं!”

मे महिन्यात मायलेकी गडहिंग्लजला गेल्या. तिथून आईचा फोन आला. चुलत भावंडं बायला हसली होती, पोरीला ‘ते’ म्हणतीया म्हणून. आईला वाटलं आता ही रडणार. पण बायने अंगणातल्या धुळीत दोन बाहुल्या काढल्या, एक वेणीवाली आणि एक साडीवाली, आणि तिकडच्याच बोलीत सगळ्यांना समजावलं: “आमच्या गोव्यात बारक्या पोरीला ‘ते’ म्हणत्यात. लगीन झालं की ‘ती’.”